दंडाचा नारळ

माझी नात ईशा कॉलेजात इतिहास शिकते. आम्ही आता नव्या रायपुरात राहतो, मुलाच्या सरकारी फ्लॅटात, सहाव्या मजल्यावर. खाली एवढाले रुंद रस्ते, आणि चालणारं माणूस औषधाला सापडत नाही. बस कधी येईल ते बसवाल्यालाच ठाऊक. मग म्हातारीनं दिवसभर करायचं काय? नात वाचते, मी ऐकते. परवा ती मोठ्यानं वाचत होती, की कोण्या काळी इंग्लंडातली काही माणसं आपल्या धर्मापायी होणाऱ्या जाचाला कंटाळली, जहाजात बसून समुद्रापार गेली आणि तिथं रान तोडून वस्ती करून राहिली. पहिल्या हिवाळ्यात उपासानं मेली. तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना मका दिला, पेरायला शिकवलं. मग ह्यांचं बस्तान बसलं, मग कुंपणं आली, मग मारामाऱ्या. आणि त्यांच्यातलंच कोणी वेगळं बोललं तर त्याला भर थंडीत वस्तीबाहेर घालवायचे. ईशानं पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, "आजी, ये लोग तो खुद धरम के लिए घर छोड़ के आए थे ना? फिर दूसरों को क्यूँ निकाला?" तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते, तिच्या बापानंच ती सवय लावली. मी म्हटलं, "त्याच्याचसाठी, बाई." तिला ते कळलं नाही. कळावं तरी कसं, तिनं वस्ती पाहिली नाही. मी पाहिली आहे. आमच्यात समुद्र नव्हता, पॅसेंजर गाडी होती. बाकी पळसाला पानं तीनच.

आमचं गाव दर्यापूरकडलं, काळ्या मातीचं. तिथल्या शाळेत तात्याजी नावाचे हेडमास्तर होते. त्यांनी नोकरी सोडून लोकांना उपदेश करायला सुरुवात केली. त्यांच्या देवाला तोंड नव्हतं, हात नव्हते, नैवेद्य लागत नव्हता. नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही, नारळ फोडणं नाही, मेलेल्याचं तेरावं नाही, आणि मेलेल्यासाठी रडणंसुद्धा नाही, कारण जे देवाचं होतं ते देवानं नेलं, त्यात आपल्या बापाचं काय गेलं? माझे बाबा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. माझे आजोबा वारले तेव्हा बाबांनी ना केस दिले, ना पिंड ठेवला, ना डोळ्यातून टिपूस काढलं. गावानं आमचं पाणी बंद केलं, न्हावी बंद केला, किराणावाल्यानं मीठ द्यायचं बंद केलं. तात्याजींच्या मागं लागलेली जेवढी घरं होती त्या सगळ्यांची तीच गत झाली. शेवटी ते म्हणाले की ज्या मातीत आपल्याला जागा नाही ती आपली माती नाही. लोकांनी शेतातले आपले हिस्से फुंकून टाकले, पैसा तात्याजींच्या पायाशी ठेवला, आणि आम्ही बोचकी बांधून रायपूरला आलो. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची पोट्टी होते आणि माझा भाऊ बबन मायच्या अंगावर पीत होता.

जमीन मिळाली ती रायपूरच्या बाहेर, सिलतऱ्याच्या अंगाला. आज तिथं लोखंडाचे कारखाने आहेत, झाडाच्या पानावर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. तेव्हा तिथं पडीत रान होतं, एक मोठं तळं होतं आणि तळ्यापलीकडं छत्तीसगढी लोकांचं लहानसं गाव होतं. त्या गावाला आम्ही नुसतं पारा म्हणायचो. ज्याला ते लोक आपलं रान म्हणायचे ते सरकारी कागदावर कोणाचंच नव्हतं, आणि तात्याजींना कागद वाचता येत होता. आम्ही कुडाच्या झोपड्या घातल्या. मधल्या मोहाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला. तो तुकडा हातोडीनं वाजला की उठायचं, वाजला की कामावर जायचं, वाजला की जेवायला बसायचं. तीच आमची घंटा. अजूनही कुठं लोखंडावर लोखंड पडलं की माझे पाय आपोआप जमिनीला टेकतात. मुलगा म्हणतो, आई, तू झोपेत दचकतेस काहून?

वस्तीत चूल एकच होती. घरात विस्तव करायचा नाही, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, हा नियम. तात्याजींना वाटे की चूल वेगळी झाली की माणूस वेगळा होतो. बायका पाळीपाळीनं रांधायच्या, पण कोणीच आपल्या हातचं असं रांधायचं नाही, मीठ-तिखट ठरलेलं. माय फोडणीत लसूण ठेचून घालायची सवयीची, तिला तेवढ्यावरून बोलणी बसली. संध्याकाळी बैठक व्हायची. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकानं उठून दिवसभरात आपलं काय चुकलं ते चौघांत सांगायचं. लहान पोरंसुद्धा. चुकलं नसलं तर काहीतरी शोधून काढावं लागे, कारण काहीच चुकलं नाही म्हणणारा अहंकारी ठरायचा. तात्याजी वाईट माणूस होते असं मी कधीच म्हणणार नाही, हीच तर पंचाईत आहे. पंगतीत ते सगळ्यांत शेवटी बसायचे आणि सगळ्यांत कमी खायचे. पोरींना त्यांनी स्वतः अक्षरं शिकवली. आज हे लिहून राहिले ते त्यांच्याच कृपेनं. वाईट माणसावर रागावता तरी येतं.

पहिल्याच वर्षी आमची फजिती झाली. आम्ही वऱ्हाडची माणसं, आम्हाला ज्वारी आणि कपाशी सोडून शेती माहीतच नव्हती. तात्याजी म्हणाले, ज्वारीच पेरायची, भाकरी खाणारी माणसं आपण, भात खाऊन अंगात काय राहतं? पेरली ज्वारी. रायपूरचा पाऊस तो, आणि जमीन खोलगट. ज्वारी गुडघाभर झाली आणि पाण्यात उभी राहून पिवळी पडत पडत सडली. त्याच दिवसांत पाऱ्यातला एक जण आपल्या हिरव्यागार उभ्या धानात नांगर घालताना आमच्या माणसांनी पाहिला. बाबा आणि दुसरे दोघं धावतच गेले. त्यांना वाटलं, घरात भांडण झालं असेल आणि गडी रागाच्या भरात पीक मोडून राहिला. बैलांच्या पुढं हात पसरून उभे राहिले. तो बिचारा हसून हसून नांगरावर वाकला. त्यांच्याकडं तसंच करतात, उभं धान नांगरतात, त्याला बियासी म्हणतात. त्यानं गवत मरतं आणि धान फुटतं. पुढच्या वर्षी आम्हीही तेच करू लागलो. पण ते पुढचं वर्ष. त्या वर्षी आषाढातच कोठी रिकामी झाली. पंगतीत पातळ पेज वाढायचे. दोन म्हातारी माणसं आणि एक तान्हं लेकरू त्या पावसाळ्यात गेलं, आणि कोणी रडलं नाही.

मायचं दूध आटलं. बबन रडायचा, मग रडायचाही थांबला, नुसतं तोंड उघडायचा. माय त्याला घेऊन तळ्याच्या घाटावर भांडी घासायला गेली होती. मी सोबत होते. पलीकडून एक बाई आली. काळीसावळी, उंच, हाताच्या कोपरापर्यंत गोंदण, काखेत तिचं स्वतःचं लेकरू. तिनं बबनकडं पाहिलं. आपलं लेकरू मायच्या मांडीवर ठेवलं, बबनला उचललं आणि तिथंच पायरीवर बसून त्याला पाजलं. माय दगडासारखी बसून राहिली आणि मग इतकी रडली की बाईच्या लेकराची टाळू भिजली. त्या दिवसापासून ती बाई रोज यायची. येताना पदराखाली पानात गुंडाळून अंगाकर आणायची, म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड भाकर, गोवरीवर भाजलेली. माय ती भाकर मला तोडून द्यायची आणि म्हणायची, तोंड पुसून घे, बैठकीत सांगू नको. तिचं नाव सुकवारा. हे नाव मला पाऱ्यातल्या पोरांकडून कळलं. मायच्या तोंडून ते मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि हे सगळं मी त्या एकदासाठीच लिहायला बसले आहे.

ते एकदाच का, त्याचं कारण असं. राखीच्या दुसऱ्या दिवशी पाऱ्यातल्या बायका भोजली शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, घाटावर आल्या. टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात. ते लांब पिवळट अंकुर म्हणजे भोजली. गाणी म्हणत येतात आणि टोपल्या तळ्यात बुडवतात. सुकवारानं आपल्या टोपलीतले चार अंकुर काढून मायच्या कानामागं खोचले. मायला वाटलं, प्रेमानं फूल माळतात तसं हिनं माळलं. आपणही काही द्यावं म्हणून मायनं त्यातलेच दोन काढून तिच्या कानामागं खोचले. झालं. सगळ्या बायका कालवा करून गोळा झाल्या, मायच्या गळ्यात पडल्या, कोणी तिच्या पाया पडल्या. मायला काही उमजेना. मग एका रायपुरात राहून आलेल्या म्हातारीनं हिंदीत समजावलं की अंकुराची अदलाबदल झाली म्हणजे तुम्ही दोघी भोजली झालात. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा मोठं. जन्मभर टिकवायचं, एकमेकीच्या सुखात-दुःखात उभं राहायचं, आणि एकमेकीचं नाव कधी घ्यायचं नाही. आपल्यात बायका नवऱ्याचं घेत नसत तसंच. हाक मारायची ती भोजली म्हणूनच. माय घरी येताना वाटेत हसत होती. म्हणाली, "पाह्य वो कुसे, मले बहीणच नव्हती. देवानं इथं ठेवून देल्ली होती."

मग दोन-तीन वर्षं बरी गेली. बरी म्हणजे पोटाला बरी. धान पिकू लागलं, विहिरीला पाणी लागलं, गावाकडून आणखी माणसं आली. मायच्या हातातली बांगडी तेव्हा पुन्हा वाजू लागली. घाटावर दोघी भेटायच्या, एकीची वऱ्हाडी, दुसरीची छत्तीसगढी, आणि गप्पा अशा की दुपार सरून जायची. मायला एकच सल होता. सुकवारा तिला घरी बोलावून बासी वाढायची, रात्री पाण्यात घातलेला भात, मीठ, कांदा आणि चेंच भाजी. पण मायला तिला कधी जेवू घालता आलं नाही, कारण घरात चूलच नव्हती. आपल्या माणसाला आपल्या हातचं वाढता येऊ नये, ह्याच्यासारखं गरिबीचं दुसरं लक्षण मला माहीत नाही. वस्तीतल्या बायका तिला चिडवायच्या, काय मग, आली का तुझी भोजली? बोलण्यात विष नव्हतं. तात्याजींच्या कानावर गेलं असेल, नसेल. त्यांना बाईमाणसांच्या गप्पांत रस नव्हता.

पण माणसं वाढली तसं तळं लहान पडू लागलं. गुरं आमची, गुरं त्यांची. मग एका उन्हाळ्यात तात्याजींनी कागद आणला की तळ्याचा आपल्याकडचा काठ आणि पक्का घाट वस्तीच्या हद्दीत येतो. आमच्या माणसांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, मागाहून तारही आली, आणि घाटाच्या तोंडाला लाकडी फाटक बसलं. पाऱ्याच्या वाट्याला उरली पलीकडची चिखलाची बाजू. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आमच्याच मुलखातली, पण ती आपल्यालाच लागू पडते हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांनी स्वतः त्या फाटकाची लाकडं तासली. मायनं त्यांना एवढंच विचारलं की त्या लोकांनी आता अंघोळीला जावं कुठं? बाबा म्हणाले, तात्याजींनी विचार केलाच असेल ना. बाबांचं उत्तर नेहमी हेच असे.

त्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी पाऱ्यातल्या बायका टोपल्या घेऊन, गात, फाटकाशी आल्या. पिढ्यान्‌पिढ्या भोजली त्याच घाटावर शिरत होती. चिखलात कशी शिरवायची? तात्याजींनी आधीच सांगितलं होतं की आपल्या पाण्यात मूर्ती नाही, फूल नाही, टोपली नाही. फाटकाला आतून खुंटी होती. बायका बाहेर उन्हात उभ्या राहिल्या आणि गाणं थांबलं. माय धुणं धुवत होती. ती उठली, ओले हात लुगड्याला पुसले, जाऊन खुंटी काढली आणि फाटक उघडलं. एवढंच तिनं केलं. बायका आत आल्या, अर्ध्या टोपल्या पाण्यात गेल्या असतील-नसतील तोच आमची माणसं काठ्या घेऊन धावली, पलीकडून त्यांची माणसं धावली. दगड चालले. सुकवाराच्या नवऱ्याचं कपाळ फुटलं. आमच्यातल्या एकाचा हात मोडला. उरलेल्या टोपल्या घाटावर पालथ्या झाल्या आणि ते पिवळे अंकुर सगळ्यांच्या पायाखाली आले.

त्या संध्याकाळी बैठक लवकर बसली, ऊन असतानाच. सुकवारा कुंपणाबाहेर येऊन उभी होती. टोपल्या रिकाम्या घरी न्याव्या लागतात म्हणून ती आपल्या टोपल्या मागायला आली होती, आणि कोणी तिला त्या देत नव्हतं. बैठकीतून ती दिसत होती. मायला मधे उभं केलं. मी बबनला धरून बायकांत बसले होते. तात्याजींनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. फाटक कोणासाठी उघडलं, असं त्यांनी विचारलं. माय म्हणाली, भोजलीसाठी. तात्याजी म्हणाले, नाव सांगा. माय म्हणाली, भोजली. कोणीतरी हसलं. तेव्हा जनाबाई नावाची आमच्यातलीच एक म्हातारी मदत करायच्या बुद्धीनं म्हणाली की तात्याजी, ती नाव नाही घेत तिचं, त्यांच्यात तशी आण असते. बिचारीनं चांगल्यासाठी सांगितलं. मला वाटतं, तोवर तात्याजींना फाटकाचंच दुःख होतं. आता त्यांना दुसरंच काही दिसलं.

"म्हणजे हे व्रतच झालं," ते म्हणाले. "ज्या व्रतांपायी आपण गाव सोडलं, तेच तुम्ही इथं धरलं. बाई, ती तिथं उभी आहे. तिचं नाव घ्या आणि तिला घरी जायला सांगा. नाही तर वस्ती सोडा. लेकरं वस्तीची आहेत, ती इथंच राहतील."

मी बाबांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बाबा जमिनीकडं पाहत होते आणि काडीनं मातीत रेघ ओढत होते. ती रेघ मला आजही दिसते. त्यांनी काही म्हणावं म्हणून माय किती वेळ थांबली सांगता येत नाही. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, बबनकडं पाहिलं. बबन आता चांगला गुटगुटीत झाला होता आणि काही न समजून बोट चोखत होता. ज्या बाईच्या दुधावर तो वाचला तिच्याकडं पाठ करून बसला होता तो. माय कुंपणाच्या दिशेनं वळली.

"सुकवारा," ती म्हणाली, "घरी जा."

सुकवारानं ऐकलं. ती रागावली नाही, रडली नाही. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि टोपल्यांशिवाय निघून गेली. तात्याजींनी मायला बसायला सांगितलं आणि बैठकीतल्या पुढच्या माणसाला उठवलं. त्या माणसानं आपली चूक सांगितली की आज आपण जास्तीचा भात घेतला.

मला वाटलं होतं की आता सुकवारा पुन्हा दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाल्यावर आम्ही घाटावर गेलो, तर ती कुंपणाला लागून उभी. तारेतून आत बघत, अगदी ठणठणीत आवाजात म्हणाली, "सीताराम भोजली! तैं मोर नाव धर डारे. अब डांड लागही. एक ठन नरियर." तू माझं नाव घेतलंस, आता दंड लागेल, एक नारळ. त्यांच्यात तसा रिवाज होता. भोजलीचं नाव चुकून तोंडातून गेलं तर एक नारळ द्यायचा, मग चूक मिटली, नातं होतं तसं. एवढ्या मोठ्या गोष्टीला तिनं जीभ घसरल्याची चूक ठरवून टाकलं होतं. वाट करून देत होती ती मायला. आज ते कळतं. तेव्हा मला फक्त भीती वाटली, की कोणी पाहील. मायनं मान वर केली नाही. तिच्याशी कोणी बोलायचं नाही असं बैठकीत ठरलं होतं. ती राख घेऊन एकच पितळी गुंड घासत राहिली, घासत राहिली. सुकवारा थोडा वेळ थांबून गेली. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आणि तिसऱ्या दिवशी. कधी हसून मागायची, कधी नुसता हात तारेतून आत करायची. भातकापणी लागली तेव्हा तिचं येणं थांबलं.

नारळ आणायचा कुठून? वस्तीत नारळ नव्हताच. नारळ म्हणजे मूर्तिपूजा. मीठ-तेल आणायला पुरुषमाणसंच रायपूरला जायची, बाबांची पाळी महिन्यातून एखाद्या वेळी येई. मायनं त्यांना सांगितलं. तिनं त्यांच्याकडं आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला माहीत नाही. बाबा म्हणाले, "आनतो. तात्याजींनी पाह्यलं तं काय सांगू, त्याचा इचार करून ठेवतो, मंग आनतो." पहिल्या बाजारी ते विसरले. दुसऱ्या बाजारी म्हणाले, सोबत माणसं होती. तिसऱ्या बाजारी मायनं विचारलंच नाही, नुसतं त्यांच्या पिशवीकडं पाहिलं. पुढं वस्ती सोडून आम्ही रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहू लागलो तेव्हा आमच्या बोळाच्या तोंडाशी, मंदिराला लागून, नारळाचं दुकान होतं. बाबा घरी यायला मुद्दाम लांबचा बोळ धरायचे.

पौषात मायला ताप आला. उतरेना. तिला बैलगाडीत घालून रायपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथं त्यांनी औषध दिलं आणि पुन्हा घेऊन या म्हणाले, पण पुन्हा न्यायची वेळ आली नाही. सुकवाराला कुठून तरी कळलं. ती फाटकाशी येऊन बसायची. तिला आत घेतलं नाही. मी बबनला घेऊन दुरून तिच्याकडं पाहायची, ती आम्हाला हात हलवायची. माय तापात एकच विचारायची, "नारय आनला काय?" बाबा तिच्या उशाशी बसून म्हणायचे, उद्या आणतो. आणि एका सकाळी, घंटेच्या आधी, ती गेली. तिला न्हाऊ घातलं नाही, हळद लावली नाही, साधी ओटीसुद्धा भरली नाही. चार माणसांनी उचलली, रानाच्या कडेला जाळली. तात्याजी चांगले शब्द बोलले, म्हणाले, फार कष्टाळू बाई. बबन रडू लागला तेव्हा बाबांनी त्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. दुसऱ्या दिवशी घंटा झाली आणि बाबा कामावर गेले.

माय जाऊन दहा दिवस झाले त्या सकाळी मी घाटावर भांडी घासत होते. आता ते काम माझ्याकडं आलं होतं. बाबा जवळच फाटकाची मोडलेली फळी ठोकत होते. तळ्याच्या पलीकडच्या, चिखलाच्या बाजूला मला बायका दिसल्या. एकीमागं एक, ओळीनं, मुकाट्यानं येत होत्या. सगळ्यांत पुढं सुकवारा. मोकळे केस. थंडी मरणाची होती, तळ्यावर धुकं होतं. त्या एकेक करून पाण्यात उतरल्या, बुडी मारली, ओंजळीनं पाणी सोडलं, आणि पुन्हा तशाच ओल्या लुगड्यांनी, ओळ न मोडता, गावाकडं चालू लागल्या. मेलेल्या माणसासाठी ते लोक असं करतात, त्याला नहावन म्हणतात. मी जनाबाईला विचारलं, पाऱ्यात कोण मेलं? म्हातारी माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिनं माझ्याकडं न पाहता सांगितलं, "त्यायच्यात कोनी नाही मेलं, बाई. तुह्या मायसाठी हाय ते."

बाबांच्या कानावर ते गेलं. हातोडी त्यांनी फळीवर ठेवली. ओळ दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले, मग फाटक उघडून सडकेच्या दिशेनं चालू लागले. दुपार झाली, घंटा झाली, पंगत बसली, बाबांचं पान रिकामं राहिलं. उन्हं कलती झाली तेव्हा ते आले. हातात नारळ होता. पिशवीत नाही, धोतराच्या सोग्यात नाही, हातात, शेंडी धरून, सगळ्यांना दिसेल असा. फाटकावरच्या माणसानं विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, नारळ. आणि न थांबता कुंपणाच्या कडेकडेनं पलीकडं निघाले. मी बबनला काखेत मारून मागं धावले. मला कोणी अडवलं नाही, की अडवलं आणि मी ऐकलं नाही, आता आठवत नाही.

सुकवारा आपल्या दारात धान पाखडत होती. आम्हाला पाहून उठली. बाबांनी नारळ दोन्ही हातांनी पुढं केला, मान खाली. सुकवारानं तो पदरात घेतला, कपाळाला लावला आणि आत चुलीपाशी नेऊन ठेवला. बाहेर आली तेव्हा तिनं बबनला माझ्याकडून घेतलं. एवढा मोठा घोडा झालेला तो, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गप्प पडला.

"डांड पटगे, भांटो," ती बाबांना म्हणाली. बहिणीच्या नवऱ्याला तिकडं भांटो म्हणतात, आमच्याकडं भाटवा म्हणतात तसं. दंड फिटला. मग ती म्हणाली, "अब रो ले."

बाबा तिथंच, त्या धानाच्या भुसात बसले. आधी नुसता श्वास ओढल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडून रडले, आजोबांसाठी रडले नव्हते, त्या पावसाळ्यात गेलेल्यांसाठी रडले नव्हते, ते सगळं रडले. शेजारपाजारच्या बायका आल्या आणि त्यांच्या भोवती बसल्या. तळ्यापलीकडून बैठकीची घंटा ऐकू आली. रुळाचा तुकडा वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. बाबा उठले नाहीत.